‘ऑड’ म्हणजे कोण?

गेल्या सत्रांत एका मुलाच्या प्रगतिपुस्तकांत शेऱ्याच्या रकान्यांत मीं एकच इंग्रजी शब्द लिहिला: ‘ऑड’. चार दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले व अदबीनें म्हणाले, “मास्तर, आमच्या मुलाला आपण काय म्हटलें आहे, तें जरा समजावून सांगाल का?” मीं ‘विक्षिप्त’ असा अर्थ सांगितला. ते खालीं मान घालून परत गेले. ती खालीं गेलेली मान मनांतून जाईना; म्हणून मी त्या शब्दाचें मूळ शोधूं लागलों. जें हातीं लागलें, तें विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवणें मला कर्तव्य वाटतें.

नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियांतील जे लोक इंग्लंडांत येऊन वसले, त्यांच्या नॉर्स भाषेंतून हा शब्द इंग्रजींत आला. त्या भाषेंत ‘ओड्डी’ म्हणजे समुद्रांत शिरलेलें जमिनीचें टोक. टोकावरून त्रिकोण, त्रिकोणाच्या तिसऱ्या कोनावरून जोडी न जुळलेली तिसरी वस्तु, आणि तिच्यावरून विषम संख्या, असा अर्थ सरकत गेला. दोन पक्षांचीं मतें समसमान पडलीं असतां ज्या तिसऱ्याच्या मतानें निकाल लागे, त्यास नॉर्स लोक ‘ओड्डामाधर’, म्हणजे ‘ऑड मनुष्य’, म्हणत. मध्ययुगीन इंग्रजींत तर ‘अद्वितीय, नामांकित’ असाही ह्या शब्दाचा अर्थ होता. ‘विचित्र’ हा अर्थ त्यास सोळाव्या शतकाच्या अखेरीस चिकटला.

क्रिकेटच्या मैदानावरील ‘अंपायर’ ह्या शब्दाची कुळकथा अशीच आहे. जुन्या फ्रेंच भाषेंत ‘नॉनपेर’ म्हणजे जोडी नसलेला, विषम. इंग्रजींत त्याचा ‘नूंपेर’ झाला. पुढें आरंभींचा ‘न’ मागील उपपदास जाऊन चिकटला व ‘ऊंपेर’ उरला. जो कोणत्याच बाजूचा नाहीं, म्हणूनच ज्याचा निवाडा दोन्ही बाजू मानतात, तो अंपायर!

आपण ‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ म्हणतों खरें. परंतु मुठींत चिंचोके धरून मुलें ‘एकी कीं बेकी’ खेळतात, तेव्हां विषम ती एकी आणि सम ती बेकी. मराठींत ‘एकी’ ऐक्याची वाचक आहे आणि ‘बेकी’ फुटीची, हें ध्यानांत ठेवावें.

ज्या मुलास मीं ‘ऑड’ म्हटलें, तो मधल्या सुट्टींत एकटाच बसे. परंतु वर्गांतील दोन तटांत भांडण जुंपलें, तेव्हां खरें काय घडलें तें कोणाचीही भीड न धरतां त्यानेंच सांगितलें होतें. निराळेपणाच्या नांवाखालीं उद्धटपणा खपवावा, असें मी म्हणत नाहीं. परंतु जो जोडींत बसत नाहीं, तो बिघडलेलाच, असें मानणारा शिक्षक किंवा सोबती मोठी चूक करतो; शिक्षकाची चूक तर अधिक मोठी, कारण ती शाईनें लिहिली जाते.

पुढच्या खेपेस तें प्रगतिपुस्तक हातीं आलें, तेव्हां मीं तो शेरा खोडला नाहीं. त्याखालीं मराठींत अर्थ लिहिला: ‘कोणत्याही तटांत नाहीं, विश्वास ठेवण्याजोगा.’