वेलिगामाला निघालेल्यांनो, आधी हिशेब मांडा

मंडळी, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तरच वाचा, पण वाचलीत तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या रविवारी पुण्याहून भाचा आला. आयटीत आहे. पडवीत लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, "मामा, फेब्रुवारीत आम्ही चौघं श्रीलंकेला चाललोय. लाँगबोर्डवर सर्फिंग शिकायला. तू पण चल, समुद्राकाठी जन्म गेलाय तुझा." माझं वय शेहेचाळीस, डावा गुडघा कुरकुरतो. तरी मोह झाला, खोटं कशाला बोलू?

जागा पोरानं बरोबर निवडली होती. लाँगबोर्ड म्हणजे नऊ फूट किंवा त्याहून लांब, पुढून गोलसर फळी. अंगानं मोठी असल्यामुळे ती पाण्यावर स्थिर राहते आणि लहानशा, संथ लाटेवरही चालते. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाकडचा वेलिगामाचा उपसागर तसाच आहे. खाली वाळू, लाट मवाळ, नवशिक्याला सोयीची. हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. नैऋत्य मान्सून आला की हा किनारा खवळतो आणि सर्फिंगवाले पूर्वेच्या अरुगम बेला जातात. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या होड्याही पावसाळ्यात वरच ओढलेल्या असतात.

मग त्यानं बेत दाखवला. सात रात्रींचा 'सर्फ कॅम्प'. मालक युरोपातले, शिकवणारे युरोपातले, पैसे युरोत आणि तेही इथूनच कार्डावर भरायचे. विमानतळावरून गाडी, सकाळी योगा, नाश्त्याला पावावर अव्होकाडो. मी विचारलं, "अरे, यात श्रीलंकेचा माणूस कुठाय?" त्यानं पान खाली सरकवलं, वर सरकवलं. म्हणाला, "ड्रायव्हर असेल बहुतेक."

माझं डोकं तिथं फिरलं.

सुट्टीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये त्या देशाची तिजोरी रिकामी झाली, पेट्रोलसाठी लोक दिवसदिवस रांगेत उभे राहिले. त्यांना पर्यटक हवेच आहेत. पण तुमचे युरो एका परदेशी खात्यातून दुसऱ्या परदेशी खात्यात गेले, तर वेलिगामाच्या वाट्याला काय आलं? खोली झाडायचं काम आणि तुम्ही टाकलेल्या बाटल्या. पर्यटक व्हिसावर येऊन धंदा मांडणाऱ्या परदेशी लोकांबद्दल तिथल्या स्थानिकांची तक्रार जुनी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या उनावटुनाला परदेशी आयोजकांनी चक्क 'फक्त गोऱ्यांसाठी' म्हणून पार्टीची जाहिरात केली. बोंब झाली तेव्हा पार्टी रद्द झाली. यजमानाच्याच घरात यजमानाला प्रवेश नाही, असं लिहायची हिंमत एका दिवसात येत नाही. किनाऱ्यावर आपलाच शब्द चालतो याची सवय झाली की येते.

जरा मागं जाऊ. कोलंबोहून वेलिगामाला समुद्राला अगदी चिकटून रेल्वे जाते. २६ डिसेंबर २००४ ला याच मार्गावर पेरालियाजवळ त्सुनामीनं एक भरलेली गाडी उलथवली. दीड हजारांहून जास्त माणसं गेली. सगळ्या देशात गेली ती पस्तीस हजारांच्या आसपास. त्यानंतर सरकारनं नियम काढला. दक्षिण-पश्चिमेला किनाऱ्यापासून १०० मीटर आणि उत्तर-पूर्वेला २०० मीटरच्या आत घर बांधायचं नाही. कारण काय, तर सुरक्षितता. मग हॉटेलं? त्यांना सूट! म्हणजे लाट मच्छीमाराची झोपडी ओळखून येते आणि हॉटेल दिसलं की वळून जाते. अरुगम बेच्या मच्छीमारांनी याविरुद्ध मोर्चे काढले. नाओमी क्लाइन यांच्या 'द शॉक डॉक्ट्रिन' या पुस्तकात ही हकिगत आली आहे. नियम पुढे सैल झाला, पण सरकारच्या मनात किनारा कुणासाठी होता ते कळायचं तेवढं कळलं.

भाच्याचं म्हणणं, "मामा, परदेशी कोच जास्त चांगले असतात. शिवाय सेफ्टी."

सेफ्टीचा मुद्दा मला मान्य आहे. शिकवणाऱ्याला पाण्यातून माणूस वाचवता येतो का, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, एका वेळी किती जणांना घेतो, हे विचारायलाच हवं. पण कातडीचा रंग हे त्याचं उत्तर नव्हे. हा खेळ मुळात बेटावरच्या सावळ्या माणसांचा. हवाईत लोक लाटांवर फळ्या चालवत तेव्हा युरोपात हा खेळ कुणाला ठाऊक नव्हता. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवणारा ड्यूक कहानामोकू हवाईचाच. त्यानंच पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन गोऱ्यांना लाटेवर उभं राहून दाखवलं. आणि अरुगम बेला तर २०१८ पासून स्थानिक बायकांचा स्वतःचा सर्फ क्लब आहे.

फिजीचंही सांगतो. तिथल्या तवारुआ बेटाजवळच्या 'क्लाउडब्रेक' या जगप्रसिद्ध लाटेवर वर्षानुवर्षं एका रिसॉर्टच्या पाहुण्यांचाच हक्क होता. समुद्रातली लाट, आणि तिच्यावर सातबारा! २०१० मध्ये सरकारनं हुकूम काढून ती मोकळी केली.

आता तुम्ही म्हणाल, श्रीलंकेचं एवढं दुःख तुला का? सांगतो.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीची पट्टी २०० मीटरवरून ५० मीटरवर आली. इकडे माझ्या ओळखीतल्या एका रापणकराच्या समुद्रावर जायच्या पायवाटेवर फाटक बसलं. जमीन बाहेरच्यानं घेतली, कागद त्याच्याकडे. जाळं डोक्यावर घेऊन हा आता अर्धा किलोमीटर वळसा घालतो. मला म्हणाला, "दर्यो आमचो, पण वाट त्येंची." त्याच फाटकाआड उतरलेले पाहुणे पुण्या-मुंबईचे असतात, आपल्याच नात्यागोत्यातले. ते वाईट नसतात. त्यांनी फक्त विचारलेलं नसतं. माझा भाचा वेलिगामात नेमका तसाच पाहुणा होणार होता.

म्हणून आम्ही बेत पुन्हा मांडला. बोर्ड विमानातून न्यायचा नाही, तिथल्या माणसाकडून भाड्यानं घ्यायचा. नऊ फुटी फळीसाठी विमान कंपनीशी हुज्जत घालण्यापेक्षा तेही बरंच. राहायचं गावातल्या कुटुंबाच्या गेस्टहाऊसमध्ये. शिक्षक स्थानिक, पैसे थेट त्याच्या हातात, त्यांच्या रुपयात. कोलंबोहून रेल्वेनं जायचं आणि पेरालिया आलं की निदान खिडकीबाहेर बघायचं. भाच्याच्या दोन मित्रांना हे पटलं. तिसरा म्हणतो, "सुट्टीत एवढा विचार कोण करतं?" त्याचंही खरं आहे. सुट्टीत विचार करायला नको म्हणूनच तर ही पॅकेजं विकली जातात.

माझी विनंती एवढीच. श्रीलंका असो, बाली असो की गोवा, पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. जागेचा मालक कोण? शिकवणारा कुठला? गावातला माणूस अजून या किनाऱ्यावर मोकळा फिरू शकतो का? आणि आपल्या गावात कुणाच्या वाटेवर फाटक बसलं असेल तर मला फोटो आणि गट नंबर पाठवा. बातमी करायची जबाबदारी माझी.

माझं तिकीट अजून काढलेलं नाही. भाचा येत्या शनिवारी फोन करणार आहे. तोवर गुडघ्याचं बघतो.