ब्रेकमधील ऊर्जा आणि वाळूजचे भवितव्य

फ्रान्समधील ल मान्स येथे दरवर्षी होणाऱ्या चोवीस तासांच्या मोटारशर्यतीचा मराठवाड्यातील कारखानदारीशी काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी कोणास वाटणार नाही. तथापि तो आहे. २०१२ मध्ये ही शर्यत प्रथमच इंधन आणि वीज अशा दोहोंवर चालणाऱ्या, म्हणजे हायब्रिड मोटारीने जिंकली. ती मोटार ऑडीची होती, आणि त्याच ऑडीच्या प्रवासी मोटारींची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे होत आली आहे. पुढे २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षे टोयोटाने ही शर्यत जिंकली. टोयोटाच्या भारतीय कंपनीने २०२४ मध्ये येथील ऑरिक औद्योगिक नगरीत कारखाना उभारण्याबाबत राज्य सरकारशी सामंजस्य करार केला.

या विजयांमागील तंत्र समजण्यास अवघड नाही. धावत्या मोटारीस ब्रेक लावला की तिची गतिज ऊर्जा घर्षणामुळे उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्याऐवजी चाकांशी जोडलेली विद्युत मोटर जनित्राप्रमाणे फिरू दिली, तर ती चाकांना रोखते आणि वीजही निर्माण करते. ब्रेक लागताच वाहनाचा भार पुढे झुकतो. त्यामुळे रोखण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात आणि परत मिळण्याजोगी ऊर्जाही तेथेच अधिक असते. ऑडीने २०१२ मध्ये ही मोटर पुढच्या आसावर बसविली होती, आणि टोयोटाच्या २०२१ व २०२२ मधील विजयी मोटारींत तर ती केवळ पुढच्याच आसावर होती.

आता यातील अर्थकारण पाहू. एक टन वजनाची मोटार ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात सुमारे एक युनिट विजेइतकी ऊर्जा साठलेली असते. उलट, चालकासह दोनशे किलो भरणारी विजेची स्कूटर ताशी ५० किलोमीटर वेगावरून थांबली, तर एका युनिटचा सुमारे दोनशेवा भागच हिशेबात येतो. विजेचा दर युनिटला दहा रुपये धरला, तरी ही ऊर्जा पाच पैशांची, आणि तीही सगळी परत मिळत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत २००७ पासून आलेल्या नव्या गाड्या थांबताना वीज तारेत परत पाठवितात. तेथे शेकडो टनांचे वजन वारंवार थांबत असल्यामुळे ही बचत मोठी ठरते. दुचाकीच्या मालकास मात्र बॅटरी थोडी अधिक चालणे आणि ब्रेकची झीज कमी होणे एवढाच लाभ. तात्पर्य, दुचाकीच्या बाबतीत वाचणाऱ्या विजेपेक्षा ती वाचविणारी यंत्रणा अधिक मोलाची आहे. ती यंत्रणा कोण तयार करणार, हा खरा आर्थिक प्रश्न होय.

ब्रेक दाबला की किती काम मोटरने करावयाचे आणि किती घर्षणाच्या ब्रेकने, याचा निर्णय क्षणार्धात व्हावा लागतो. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज स्वीकारत नाही. अशा वेळी सारा भार घर्षणाच्या ब्रेकवर येतो, आणि तरीही चालकाच्या पायास फरक जाणवता कामा नये. ही सारी बुद्धी नियंत्रक यंत्रणेत आणि तिच्या आज्ञावलीत असते. जुळणीच्या कारखान्यात ती तयार स्थितीत येते. ज्या गावात केवळ जुळणी होते, त्या गावाच्या पदरात मजुरी पडते आणि जमिनीची किंमत वाढते. ज्ञानाचे मोल अन्यत्र जाते.

वाळूजची गोष्ट काहीशी निराळी आहे. १९८५ मध्ये तेथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती पूरक उद्योग वाढले. दुचाकींचे ब्रेक, शॉक ॲब्सॉर्बर आणि ॲल्युमिनियमचे ओतीव भाग करणारी एन्ड्युरन्स ही येथीलच कंपनी. तिने २०२२ मध्ये बॅटरी-नियंत्रणाची साधने तयार करणाऱ्या मॅक्सवेल या कंपनीत बहुसंख्य भागभांडवल घेतले. वाहनाचे मोल आता लोखंडाकडून इलेक्ट्रॉनिकीकडे सरकत आहे, हे या व्यवहारातून स्पष्ट होते. मोठ्या कंपनीस असे ज्ञान विकत घेता येते. चार यंत्रांवर सुटे भाग करणाऱ्या लघुउद्योजकास ते शक्य नाही. विजेच्या स्कूटरमध्ये मोटर सामान्यतः मागच्या चाकास जोडलेली असते. त्यामुळे पुढच्या चाकाच्या डिस्क ब्रेकची गरज राहणारच, आणि दुचाकींचे ब्रेक करणाऱ्यांना तूर्त उसंत आहे. ती कायम टिकेल असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल.

आधी कारखाने येऊ द्यावेत, ज्ञान मागाहून येईल, असा युक्तिवाद केला जातो. १९८५ च्या संदर्भात तो बऱ्याच अंशी खरा होता. त्या वेळी लागणारे भाग लेथवर आणि साच्यांत घडविता येत. पाहून, हाताळून कौशल्य कामगाराच्या अंगवळणी पडे आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या शेडमध्ये जाई. बंद पेटीतील आज्ञावली अशी हाताळून शिकता येत नाही. ती शिकण्याची सोय मुद्दाम करावी लागते.

ऑरिकमध्ये एथर एनर्जी आणि जेएसडब्ल्यू यांनीही २०२४ मध्ये विजेच्या वाहनांचे प्रकल्प जाहीर केले. अशा प्रकल्पांना सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली सवलती देताना गुंतवणुकीचा आकडा आणि नोकऱ्यांची संख्या हेच निकष पुरेसे मानले जाऊ नयेत. स्थानिक पूरक उद्योगांकडून किती मूल्याचे इलेक्ट्रॉनिक भाग घेतले जातील आणि संरचनेचे कोणते काम येथे होईल, हेही करारात नोंदविले पाहिजे. वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये ऊर्जा परत मिळविणाऱ्या ब्रेकची सामायिक चाचणी-व्यवस्था उभी करावी, आणि १९६० पासून अभियंते घडविणाऱ्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्या कामात भागीदार व्हावे. उतारावरील चाचणीसाठी कन्नडचा घाट जवळच आहे.

सवलतींचा निर्णय एकदा झाला की अटी घालण्याची सरकारची शक्ती संपते. कंपन्यांना जागा, पाणी आणि वीज यांची गरज आहे तोवरच शासनाने या अटी मान्य करवून घ्याव्यात. तसे झाले नाही, तर पंचवीस वर्षांनंतर शेंद्रा-बिडकीनमध्ये गाड्या पुष्कळ तयार होत असतील, परंतु त्या कशा थांबतात हे जाणणारा माणूस बाहेरूनच बोलवावा लागेल.