मार्का आणि बोधचिन्ह

कांद्याच्या गोणीवर व्यापाऱ्याचा मार्का उमटतो तेव्हा शाई एकाच रंगाची, तागाची वीण जाडीभरडी आणि मारणारा घाईत असतो. नामपूरसारख्या बाजारपेठेत जे चिन्ह एवढ्यातून ओळखू येते ते चालते. बोधचिन्हाची पहिली कसोटी हीच: आकार मोजके, आणि रंग काढून घेतला तरी ओळख शाबूत.

स्टेट बँकेसाठी शेखर कामत यांनी १९७१ साली केलेले चिन्ह पाहावे. निळे वर्तुळ, मध्ये छोटे गोल छिद्र आणि खाली उतरणारी फट. कुणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, कुणाला आणखी काही. पीककर्जासाठी आलेल्याला मात्र बँक दुरूनच सापडते. अर्थ नंतर चिकटला तरी बिघडत नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या शाईच्या उद्योगाने उंट निवडला. उंटाचा शाईशी संबंध काय, हे न विचारताच पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी कंपासपेटी घेतली.

फसणारी चिन्हे बहुधा हावरी असतात. द्राक्षे, डाळिंब, सूर्य, ट्रॅक्टर आणि मालकाचे आडनाव एकाच गोलात कोंबले, की खताच्या पिशवीवर नुसता डाग उरतो. विनाकारण बदलही अंगाशी येतो. ‘गॅप’ या अमेरिकी कपडेकंपनीने २०१० मध्ये जुनी निळी चौकट टाकली आणि ग्राहकांच्या ओरडीमुळे आठवड्याभरात परत आणली.

चिन्ह जमले, तर नोंदणी करावी. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार ती १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते.