राष्ट्रगीत ही निष्ठेची कसोटी नव्हे



ज्याने धम्मदीक्षा घेतली त्याला काही प्रश्न हमखास विचारले जातात. देव सोडलेत, सण सोडलेत, आता देशही सोडणार काय, हा त्यांतलाच एक. हा प्रश्न कधी तोंडावर येतो, कधी आडवळणाने येतो. शाळेच्या परिपाठात, कचेरीच्या ध्वजवंदनात, २६ जानेवारीच्या गावच्या कार्यक्रमात आपले मूल राष्ट्रगीत म्हणते की नाही, ताठ उभे राहते की नाही, याकडे कित्येकदा चार डोळे अधिक लागलेले असतात. ज्यांच्या वाट्याला हा पहारा येतो त्यांनी राष्ट्रगीताचा इतिहास आणि त्यासंबंधीचा कायदा नीट समजून घेतला पाहिजे. अजाण माणसाची दोन प्रकारे फसगत होते. तो भिऊन मान तुकवितो, नाही तर रागाच्या भरात आपल्याच मालकीची वस्तू टाकून देतो. आपणांस या दोहोंपैकी काहीही करण्याचे कारण नाही.

प्रथम मालकीचा प्रश्न घेऊ. ‘जन गण मन’ हे गीत रवींद्रनाथ ठाकुरांनी रचले आणि ते २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायिले गेले. त्याच महिन्यात बादशहा पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आलेला होता. तेवढ्यावरून हे गीत बादशहाचे स्तुतिस्तोत्र असल्याचा प्रवाद उठला. खुद्द कवीने १९३७ साली पत्र लिहून तो खोडून काढला, तरी तो अद्याप अधूनमधून डोके वर काढतो. संपूर्ण गीत पाच कडव्यांचे आहे. राष्ट्रगीत म्हणून आपण म्हणतो ते फक्त पहिले कडवे. दुसऱ्या कडव्यात इतर धर्मीयांच्या पंक्तीत बौद्धांचाही स्पष्ट नामोल्लेख आहे. म्हणजे आपण या देशात परके आहोत असे ज्यांना वाटते त्यांनी हे गीत पुरते वाचलेलेच नाही.

हे गीत राष्ट्रगीत कसे झाले, तेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी समितीपुढे एक निवेदन केले. ठराव मांडला गेला नाही, मतदान झाले नाही. ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत राहील आणि स्वातंत्र्यलढ्यातील ऐतिहासिक कार्यामुळे ‘वंदे मातरम्’ला समान मान दिला जाईल, एवढे त्यांनी जाहीर केले. ‘वंदे मातरम्’वरून वाद पूर्वीपासून होता. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ कादंबरीतील या गीताच्या पुढील कडव्यांत देशमातेचे दुर्गारूपाने स्तवन आहे. एकेश्वरवादी मुसलमानांनी त्यास हरकत घेतली, तेव्हा काँग्रेसच्या कार्यकारिणीने १९३७ साली पहिली दोनच कडवी गाण्याचा निर्णय केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्या घेणाऱ्या माणसाला ही हरकत समजावून सांगावी लागत नाही. देशावर प्रेम करणे आणि देशाला देवी मानून तिची पूजा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नागरिकाची आहे. दुसरी ज्याच्या त्याच्या श्रद्धेची आहे.

आता कायदा पाहू. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, जो बुद्धिपुरस्सर राष्ट्रगीत गाण्यास प्रतिबंध करील किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणील, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाण्याची सक्ती हा कायदा कोणावरही करीत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ५१ क घातला गेला व नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली गेली. त्यातील पहिलेच कर्तव्य राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर राखण्याचे आहे, असे भाषणांतून वारंवार सांगितले जाते. परंतु ते वाक्य मुळातून वाचा. त्या वाक्यात ध्वज आणि गीत यांच्याही आधी संविधानाचे पालन आणि संविधानाच्या आदर्शांचा आदर आहे. जे वाक्याचा पूर्वार्ध गिळून उत्तरार्धाची काठी करतात, ते कोणत्या तोंडाने आपणांस कर्तव्य शिकवितात?

याच प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आहे. केरळात १९८५ साली ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण गात नसत. आपल्या देवाखेरीज अन्य कोणाचे स्तवन करू नये, अशी त्यांची श्रद्धा होती. एका आमदाराने विधानसभेत गवगवा केला. चौकशी आयोगाने मुले कायदा पाळणारी असून त्यांनी अवमान केलेला नाही असे सांगितले. तरीही जुलै महिन्यात मुलांना शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयानेही त्यांस दाद दिली नाही. अखेर ११ ऑगस्ट १९८६ रोजी बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी व न्यायमूर्ती दत्त यांनी निर्णय दिला, की राष्ट्रगीत गायिलेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. अदबीने उभे राहणारा अवमान करीत नाही. आणि मुलांना काढून टाकणे हा त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा व सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा भंग आहे. मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश झाला.

त्या मुलांचा धर्म आपला नव्हे. त्यांची श्रद्धा आपणांस पटेलच असेही नाही. परंतु ज्या अनुच्छेद २५ ने त्यांस शाळेत परत नेले, त्याच अनुच्छेदाच्या आधारे आपण धर्म बदलला आहे. त्यांचे मौन सुरक्षित नसेल तर आपली दीक्षाही सुरक्षित नाही.

असे असता काय घडते ते पहा. २०१६ साली पणजीच्या एका चित्रपटगृहात, पाठीच्या कण्याला इजा झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीवर असलेल्या एका गृहस्थास राष्ट्रगीताच्या वेळी उभे न राहिल्याबद्दल मागून मारण्यात आले. ज्याला उभे राहणे शरीराने शक्य नाही त्याला देशद्रोही ठरविणारा हात कोणत्या देशभक्तीचा? त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक चित्रपटापूर्वी राष्ट्रगीत वाजविण्याची सक्ती केली. ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने स्वतःच ती सक्ती मागे घेतली. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ईशान्य दिल्लीच्या दंगलीत जखमी होऊन रस्त्यावर पडलेल्या मुसलमान तरुणांना गणवेशातील माणसे राष्ट्रगीत म्हणावयास लावीत आहेत, ही चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. त्यांपैकी एक तरुण पुढे मरण पावला. त्या मृत्यूचा तपास दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. ज्या गीताने सर्वांना एका पंक्तीत बसविले, ते गीत कण्हणाऱ्या माणसाच्या तोंडून दरडावून काढले गेले. राष्ट्रगीताचा याहून मोठा अवमान तो कोणता?

बहुसंख्य हिंदूंच्या हाती हा सोटा आहे म्हणून आपण हे बोलतो, असा आक्षेप कोणी घेईल. आपण तशी संधी ठेवू नये. जिथे बौद्ध बहुसंख्य आहेत त्या श्रीलंकेकडे पहा. तेथील राष्ट्रगीत आनंद समरकून यांनी रचले. ते काही काळ शांतिनिकेतनात शिकले होते. पंतप्रधानांच्या मृत्यूंचे खापर गीताच्या आरंभीच्या ‘अशुभ’ अक्षरांवर फोडून १९६१ साली कवीच्या विरोधाला न जुमानता ती ओळ बदलण्यात आली. पुढच्याच वर्षी त्या कवीने आत्महत्या केली. अत्त दीप भव शिकविणाऱ्या बुद्धाच्या देशात अक्षरांचा शकुन पाहिला गेला! गीत सिंहली भाषेत आहे. त्याच चालीवरील तमिळ भाषांतर तमिळ मुलुखात म्हटले जात असे. ४ फेब्रुवारी २०१६ रोजी अनेक दशकांनंतर राजधानीच्या स्वातंत्र्यदिन समारंभात ते तमिळमध्ये गायिले गेले. २०२० मध्ये सरकार बदलताच ते पुन्हा वगळले गेले. आपल्याच देशाचे गीत आपल्या भाषेत म्हणू न देणे, हे सत्तेवरील माणसे बौद्ध असली म्हणून क्षम्य ठरत नाही. अन्याय करणाऱ्याच्या गळ्यात पंचशील असले तरी तो अन्यायच.

उलट दक्षिण आफ्रिकेने काय केले? वर्णद्वेषी राजवट गेल्यावर तिथे काळ्या जनतेचे प्रार्थनागीत आणि गोऱ्या राजवटीचे गीत यांना जोडून १९९७ साली पाच भाषांतील एकच राष्ट्रगीत करण्यात आले. ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांनी मारणाऱ्याच्या भाषेलाही जागा दिली. हे मन मोठे आहे, आणि ते सक्तीने आलेले नाही.

मग राष्ट्रगीताचा खरा मान कशात आहे? ते गीत म्हणावयास ५२ सेकंद लागतात. ५२ सेकंद ताठ उभे राहणे कोणालाही साधते. प्रश्न उरलेल्या दिवसाचा आहे. सकाळी ध्वजाखाली उभा राहून दुपारी पाणवठ्यावर जात विचारणारा, शाळेत मुलांना वेगळ्या पंगतीस बसविणारा, दलित वराच्या घोड्यास वाट अडविणारा, हा अनुच्छेद १७ चा आणि पर्यायाने राष्ट्राचा अवमान करतो. जाती या राष्ट्रविरोधी आहेत, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत स्पष्ट शब्दांत सांगितले. तो हिशेब अजून चुकता व्हावयाचा आहे. ज्यांच्याकडे बाकी आहे ते आपल्याकडे निष्ठेची पावती मागतात, यासारखा विपर्यास नाही.

म्हणून आपल्या कुटुंबांस आमचे सांगणे आहे. मुलांना राष्ट्रगीताचा अर्थ शिकवा. शब्द पाठ करणे पुरेसे नाही. ते म्हणताना मान खाली घालू नका. हे गीत आपणांस कोणी बक्षीस दिलेले नाही, ते आपलेच आहे. शेजारी उभा असलेला कोणी आपल्या श्रद्धेमुळे मूक राहिला तर त्याच्या बाजूने बोला. कोणी दमदाटी करून आपल्याकडून काही म्हणवून घेऊ लागला तर मारामारीस जाऊ नका. त्याला कायद्याचे कलम विचारा, १९८६ चा निर्णय सांगा आणि लेखी तक्रार करा. आणि ध्वजवंदन आटोपल्यावर त्याच पटांगणात एवढा प्रश्न अवश्य विचारा, की या शाळेत पाण्याचा माठ एक आहे की दोन.

ज्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर द्यावयास कोणालाही खाली पाहावे लागणार नाही, त्या दिवशी राष्ट्रगीत म्हणण्यास कोणाला सांगावेही लागणार नाही.