पिशवी काढा म्हणणाऱ्याला विचारा

जालना जिल्ह्यातल्या मंठा, घनसावंगीच्या बाया ऊसतोडीला जातात, तेव्हा दुखणंही सोबत नेतात. ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणत एखादी दवाखान्यात गेली की पुष्कळदा तिला एकच धाक घातला जातो: पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

कॅन्सरची भीती खोटी नाही. पण गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि हा विषाणू शरीरसंबंधातून कुणालाही लागू शकतो. त्यात कुणाच्या चारित्र्याचा संबंध नाही. दहातल्या आठ-नऊ जणींचं शरीर तो एक-दोन वर्षांत हाकलून लावतं. प्रश्न उरलेल्यांचा. हा विषाणू रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. म्हणजे चोर घरात बसलेला आणि पहारेकऱ्याला चाहूलही नाही. त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशीच्या वाढीवरचा लगाम सोडवतात आणि बऱ्याच वर्षांनी कॅन्सर उभा राहतो.

त्या पहारेकऱ्याला, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना, जागं करणाऱ्या उपचारात्मक लसींचे प्रयोग चालू आहेत. व्हीजीएक्स-३१०० या लसीच्या २०१५ मधल्या चाचणीत सुमारे निम्म्या बायकांची कॅन्सरपूर्व विकृती ओसरली. पण नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन, घेतलेल्यांतही सुमारे ३० टक्के जणींची ओसरली होती! शरीर स्वतःच किती करतं, ते यावरून दिसतं. अशी लस आज मेडिकलमध्ये मिळत नाही. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांवर पैसे घालवू नका.

खरी वाट मराठवाड्यातच सापडली होती. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले: तपासणी न झालेल्या गटात ६४, चाचणीच्या गटात ३४. २००९ मध्ये हा निष्कर्ष जगभर गाजला. इथल्या बायांवर सिद्ध झालेली चाचणी इथल्याच आरोग्य केंद्रात नेहमीची झाली नाही, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

मुलींसाठी मात्र हा विषाणू रोखणारी पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक लस आहे. ९ ते १४ या वयात दिलेली उत्तम. पण आधीच शिरलेला विषाणू ती घालवत नाही. म्हणून आयांना चाचणीच हवी. कॅन्सरआधीची विकृती सापडली, तर बहुतेक वेळा तेवढाच भाग गोठवून किंवा जाळून काम भागतं, पिशवी शाबूत राहते.

जिल्हा परिषदेने ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी गावोगाव ही चाचणी करावी. आणि ताई, कुणी पिशवी काढायला सांगितलं तर आधी तपासणीचा कागद मागा आणि तो छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवा.