नवसाच्या पत्र्यावरची फ्रिदा

मेक्सिकन चित्रकार फ्रिदा कालोचा चेहरा आता कापडी पिशवीवर आहे, मोबाइलच्या कव्हरवर आहे, उशीच्या अभ्र्यावरही आहे. जुळलेल्या भुवया, डोक्यात फुलं, झाली फ्रिदा. माझ्या चित्रकलेच्या क्लासमधल्या मुली तिला लगेच ओळखतात. तिचं एखादं चित्र सांगा म्हटलं की गप्प. राग मुलींवर नाही, चित्रकाराला चित्रांवाचून खपवणाऱ्या बाजारावर आहे.

म्हणून मी त्यांना 1932 सालचं ‘हेन्री फोर्ड हॉस्पिटल’ दाखवते. तिचा नवरा, चित्रकार दिएगो रिवेरा, अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये कारखान्यांची भलीमोठी भित्तिचित्रं करायला आला होता. तिथेच फ्रिदाचा गर्भ पडला. त्याचं चित्र तिनं पत्र्यावर काढलं, जेमतेम 30 बाय 38 सेंटीमीटरचं. उघड्यावर खाट, रक्ताळलेली चादर, क्षितिजावर कारखाना. तिच्या हातातल्या लाल दोऱ्यांना गर्भ, गोगलगाय, ओटीपोटाचं हाड, एक यंत्र बांधलेलं.

पत्राच का? मेक्सिकोत नवस फेडताना चर्चमध्ये पत्र्यावरची छोटी चित्रं वाहायची जुनी रीत आहे. खाली अपघात किंवा आजारपण, वर ढगात संत नाहीतर मेरीमाता, तळाशी आभाराच्या दोन ओळी. नवस म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावायला नको. मेक्सिको सिटीतल्या कोयोआकान भागात तिचं निळं घर आहे, त्याच्या भिंतीवर अशी चित्रं आजही लागलेली आहेत. फ्रिदानं त्यांचा साचा जसाच्या तसा उचलला आणि वाचवणाऱ्यालाच काढून टाकलं. संताच्या जागी तिच्या आकाशात गोगलगाय तरंगते.

माझ्या मते तिचं मोठेपण या एका फेरफारात आहे. 1925चा बस अपघात, मोडलेला कणा, दिएगोशी लग्न, घटस्फोट, पुन्हा त्याच्याशीच लग्न, हे सगळं चरित्रांत आणि सिनेमात येऊन गेलंय. अतिवास्तववादी चळवळीचा म्होरक्या आंद्रे ब्रेतों यानं तिला आपल्या गटात बसवलं. ते तिला पटलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. ती शिकली ती नवसाची चित्रं रंगवणाऱ्या अनाम हातांकडून.

2018 मध्ये तिची बार्बी बाहुली निघाली. भुवयासुद्धा सौम्य करून! नातेवाइकांच्या तक्रारीवरून मेक्सिकोतल्या न्यायालयानं तिथली विक्री रोखली. बाजारानं जिची बाहुली केली, ती बाई कम्युनिस्ट होती. एक पाय कापलेला असताना, 2 जुलै 1954ला, ग्वाटेमालातल्या अमेरिकी हस्तक्षेपाविरुद्धच्या मोर्चात ती व्हीलचेअरवर बसून गेली. अकरा दिवसांनी वारली.

चित्रकलेच्या शिक्षकांना विनंती आहे, फ्रिदाचा चेहरा कॉपी करायला देणं बंद करा. अकरावी-बारावीच्या मुलांना ‘हेन्री फोर्ड हॉस्पिटल’ दाखवा. रक्त बघून मुली बिचकतील अशी भीती असेल, तर माझा अनुभव सांगते: बिचकतात ते मुलगे.