सायकल : शौक नव्हे, कामाचे हत्यार



सायकल ही गरिबाची सवारी, असे समजून सरकारने तिला वेतन आयोगाच्या कागदातून जवळजवळ बाद केले. आणि गेल्या काही वर्षांत तीच सायकल गियर लावून, चकचकीत होऊन, शौकाची वस्तू म्हणून बाजारात परत आली. या दोन्हींच्या मध्ये आपला कामगार उभा आहे. त्याच्या दृष्टीने सायकल ना लाजेची गोष्ट, ना शौकाची. ते त्याचे कामाचे हत्यार आहे. हत्यार चांगले हवे, नीट जोडलेले हवे आणि त्याचा खर्च एकट्या कामगाराच्या खिशातून जाता कामा नये, एवढेच आम्हाला येथे मांडायचे आहे.

आम्ही हे गोरखपूरहून लिहीत आहोत. गोरखपूर म्हटले की रेल्वेवाल्यांना पूर्वोत्तर रेल्वेचे मुख्यालय आठवते. आमचे गोरखपूर ते नव्हे. हे जबलपूर शहरातले, बाजारपेठेचे गोरखपूर. येथून मदनमहल स्टेशन जवळ आणि जबलपूरचे मोठे स्टेशन तीन-चार किलोमीटरवर. एवढ्या अंतराला मोटारसायकल काढायची म्हटले तर हिशेब सोपा आहे. जाऊन येऊन ८ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर धरले तरी ४ लिटर पेट्रोल. पेट्रोल शंभराच्या वर गेलेले, तेव्हा महिन्याला चारशे रुपयांहून अधिक आणि वर्षाला पाच हजार. पंधरा हजारांच्या आसपासची सायकल तीन वर्षांत आपली किंमत भरून काढते. शिवाय रोज येताजाता वीस-वीस मिनिटे शरीर हलते. प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पीएमईच्या वेळी रक्तदाब आणि साखर पाहून ज्यांच्या छातीत धडधडते, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता ही नवी 'हायब्रीड' सायकल म्हणजे काय? चाके रस्त्यावर पळणाऱ्या सायकलीसारखी मोठी, हँडल आणि ब्रेक डोंगरी सायकलीसारखे, आणि चढावासाठी गियर. जुन्या काळ्या सायकलीपेक्षा ती साधारणपणे हलकी असते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. चाकालाही आपल्या रुळांसारखे गेज असते. जुन्या २८ इंची सायकलीच्या रिमवर टायर बसतो ती जागा ६३५ मिलिमीटर व्यासाची, तर हायब्रीडवर '७०० सी' लिहिलेले असते आणि तिथे ती ६२२ मिलिमीटरची. नजरेला दोन्ही चाके सारखीच दिसतात, पण एकीचा टायर दुसरीला बसत नाही. आमच्या हाऊबागहून २०१५ पर्यंत धावणारी नॅरोगेज गाडी जशी ब्रॉडगेजवर चालली नसती, तसेच हे. म्हणून सायकल घेतानाच तिच्या मापाची एक ट्यूब घेऊन ठेवावी. व्हॉल्व्हही पाहून घ्यावा. मोटारसायकलसारखा असेल तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

या सायकली खोक्यात अर्धवट जोडलेल्या येतात आणि दुकानदार घाईत त्या जोडून देतो. आमच्या शाखेतल्या एका साथीला एका दुकानाने दिलेल्या सायकलीचे डावे पैडल चौथ्या दिवशी निखळले. कारण साधे आहे. डाव्या पैडलचे आटे उलटे असतात. ते सुलट्या बाजूने जबरदस्तीने पिळले की क्रँकचे आटेच कापले जातात. तेव्हा दुकानातून निघण्यापूर्वी पुढील गोष्टी स्वतः तपासा.

पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल वळवून पाहा, ते चाकावेगळे फिरता कामा नये. दोन्ही चाके उचलून फिरवा, ती ब्रेकला घासता कामा नयेत. सीटवर बसून टाच पैडलवर ठेवा. पैडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हावा, ही सीटची योग्य उंची. सीट खाली ठेवून महिनोन्महिने चालवली तर गुडघे बोलू लागतात. टायरच्या कडेवर हवेचा दाब छापलेला असतो, त्याच मर्यादेत हवा भरा. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि दिवे या गोष्टी पुष्कळदा सायकलीबरोबर येत नाहीत. त्यांचे पैसे वेगळे पडतात, म्हणून भाव त्या धरूनच विचारा. पावसाळ्यात मडगार्डाशिवाय ड्युटीवर पोहोचलेल्या माणसाची पाठ पाहिली की त्याचे महत्त्व कळते. फ्रेमचा नंबर बिलावर लिहून घ्या. चोरी झाल्यास पोलिसांत तोच उपयोगी पडतो. आणि महिन्याभराने सायकल पुन्हा कसून घ्या, कारण नव्या केबल सुरुवातीला ताणल्या जाऊन ब्रेक व गियर ढिले होतात.

चालवतानाही दोन पथ्ये. गियर चढ लागण्याआधी बदला, चढावर उभे राहून जोर देताना बदलू नका, चेन उतरते. आणि फाटकावर रूळ ओलांडताना सायकल रुळाला काटकोनात घाला. तिरके गेलात तर रुळाच्या खाचेत चाक अडकते. रूळ सांभाळणाऱ्या माणसाने रुळावर पडावे, हे बरे दिसत नाही.

आता खर्चाकडे वळू. सायकल भत्ता मुख्यतः पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांना मिळतो. सातव्या वेतन आयोगाने तो बंदच करण्याची शिफारस केली होती. सरकारने ती मानली नाही आणि जुलै २०१७ पासून भत्ता महिना ९० रुपयांवरून १८० केला. भत्ता वाचला आणि दुप्पट झाला, हे खरे. पण १८० रुपयांचे वर्षाला २,१६० होतात. रोज टपालाचे ओझे वाहणाऱ्या किंवा रुळाच्या कडेने खडीवरून ढकलत न्याव्या लागणाऱ्या सायकलीचे टायर, ट्यूब, चेन आणि ब्रेक एवढ्यात वर्षभर चालवून दाखवावेत, असे आमचे हिशेब करणाऱ्यांना आव्हान आहे.

दुसरी बाब उचलीची. पूर्वी सायकलसाठी बिनव्याजी उचल मिळत असे. सातव्या आयोगानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ती बंद झाली. रक्कम लहान होती म्हणून बंद केली म्हणतात. लहान होती तर वाढवायची होती. आज तोच कामगार सायकल हप्त्यावर घेतो आणि व्याज भरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, हे चांगले झाले. पण ज्याच्या हातात एकरकमी पैसाच नाही, त्याला या सवलतीचा उपयोग किती?

कोणी म्हणेल, वाहतूक भत्ता आहे की! वाहतूक भत्ता घर ते कचेरी या प्रवासासाठी आहे. सायकल भत्ता कामावर सायकल वापरण्यासाठी आहे. या दोन गोष्टींची सरमिसळ करून एक खिसा दाखवायचा आणि दुसरा कापायचा, हे चालू देता कामा नये.

वाटेवरच्या अपघाताचाही विचार हवा. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ साली पाळीवर जाताना कारखान्याच्या सुमारे ५ किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी दिला. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर घर ते काम या वाटेवरचा अपघातही नोकरीतला अपघात धरता येतो, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून शाखांनी अशा प्रत्येक अपघाताची ड्युटीची वेळ, ठिकाण आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावेत.

आमच्या मते मागण्या तीनच आहेत. पहिली, सायकल भत्ता प्रत्यक्ष दुरुस्तीच्या खर्चावर ठरवावा आणि कामावर सायकल वापरणाऱ्या प्रत्येकाला द्यावा. दुसरी, आजच्या किमतीच्या मानाने बिनव्याजी उचल पुन्हा सुरू करावी. तिसरी, प्रत्येक डेपो, कार्यालय व टपाल कचेरीत छप्पर असलेला, कुलूप लावता येईल असा स्टँड आणि एक हवेचा पंप असावा. या तिसरीला दिल्लीची मंजुरी लागू नये. स्थानिक बैठकीच्या अजेंड्यावर ती आजच घालता येते.

रात्रपाळी करून वीस किलोमीटर जाणाऱ्या साथीने सायकल घ्यावी, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे अंतर जवळचे आहे त्याने मात्र जरूर विचार करावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला आणि त्याला अहवालासाठी १८ महिने मिळाले. गेल्या वेळी सायकल भत्ता आयोगाच्या हातून सुटून सरकारच्या हातात वाचला. या वेळी तो नशिबावर सोडायचा नाही. प्रत्येक शाखेने आपल्या सायकलस्वार सभासदांची यादी करावी, वर्षभराच्या दुरुस्तीची बिले जमवावीत आणि ती फेडरेशनकडे पाठवावीत. भाषणाला उत्तर देता येते, बिलाला देता येत नाही.